घराचा एक खांदा

बगाडाचं लाकूड आणायला कोण जाणार, यावरून माण गावात कधी भांडण होत नसे. भांडायला बाकी हजार गोष्टी होत्या. बांध होते, पाण्याची पाळी होती, कुणाची म्हैस कुणाच्या कडवळात शिरली हे तर बारमाही होतं. पण लाकडाची रीत ठरलेली. मानाच्या घरांनी एकेक खांदा द्यायचा. एका घराचा एकच. ओळीतली जागासुद्धा ठरलेली. सगळ्यात पुढची उद्धवरावांच्या घराची, आणि सगळ्यात मागची, शेपटाची, ज्योतीरामच्या घराची. आधी बाप जायचा, बापामागं थोरला हिंदुराव, आणि हिंदुरावचं लग्न झाल्यावर ती जागा धाकट्या ज्योतीरामकडं आली.

बगाड ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चैत्री पुनवेच्या जत्रेत गाड्यावर खांब उभा करायचा, खांबावर लांबलचक लाकूड आडवं टाकायचं, आणि मानकऱ्याला त्याच्या टोकाला टांगून गावाभोवती फिरवायचं. लाकूड दर साली नवं लागतं, आणि ते मुळशीच्या पाण्यापलीकडं, घाटमाथ्यावरच्या देवाच्या रानातूनच आणावं लागतं. तोडलं की थेट खांद्यावर. रानाची शीव ओलांडेपर्यंत लाकूड खाली ठेवायचं नाही, मागं वळून बघायचं नाही, आणि मागून कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. का, म्हणून विचारलं तर म्हातारे म्हणत, ‘रीत हाय.’ एवढं उत्तर गावाला पुरत असे.

गेल्या साली मात्र आक्रीत झालं. ज्योतीराम नुकताच पिंपरीच्या एका नव्या औषधांच्या कारखान्यात, बाटल्या धुण्याच्या कामावर चिकटला होता. उजाडायच्या आत सायकल काढायचा आणि भोंगा व्हायच्या आधी फाटकात हजर व्हायचा. नव्या माणसाला रजा कोण देतो? हिंदुराव म्हणाला, “तू जा तुझ्या शिफ्टला. खांदा घराचा असतोय, तुझा काय अन् माझा काय!” आणि धोतर खोचून तो धाकट्याच्या जागी गेला. लाकूड आलं. हिंदुराव आला नाही.

कसा आला नाही, हेच कुणाला सांगता येईना. घसरून पडला असता तर आवाज झाला असता. जनावरानं धरला असता तर ओरडला असता. आणि शेपटाचा माणूस गळाला की त्याचं वजन पुढच्याच्या मानेवर येतं, हे पोरालाही कळतं. पुढं होता सयाजी. देवाशपथ सांगतो म्हणाला, माझ्या खांद्यावर गुंजभर वजन वाढलं नाही. शिवेचा दगड ओलांडून सगळ्यांनी मागं बघितलं, तर लाकूड सरळच्या सरळ आणि शेपटाखाली कुणी नाही. मग रान पालथं घातलं, पौडाहून पोलीस आणले, दऱ्यांतून दोर सोडले. पायताणसुद्धा हाती लागलं नाही.

वर्ष होत आलं. हिंदुरावची बायको सोजराबाई कुंकू लावतच राहिली, आणि गावाच्या पोटात दुखायला लागलं. हळदीकुंकवाला बोलवावं तर बायका नाकं मुरडणार. न बोलवावं तर नवरा मेला असं सांगणार कोण? ना धड सवाष्ण, ना धड विधवा. शेवटी भावकी बसली आणि ठरवून मोकळी झाली : यंदाच्या बगाडापर्यंत छडा लागला नाही, तर सोजराबाईच्या बांगड्या फोडायच्या. दुसऱ्याच्या बायकोच्या बांगड्या फोडायला माणसं किती चटकन तयार होतात बघा.

यंदा ज्योतीरामनं रजा मिळवली. परमनंट झाला होता, वैशाखात भोसरीच्या मुलीशी लग्न ठरलं होतं, साहेबही जरा हसून बोलायचा. निघताना सोजराबाई भाकरीचं गाठोडं घेऊन दारात आली. वर्षभर ती त्याला एका शब्दानं लागेल असं बोलली नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागत होतं.

“भावजी,” ती म्हणाली, “जित्तं असू द्या, न्हाईतर हाडकं असू द्या. घरी आणा त्यास्नी.”

“आणतो, वहिनी.”

बोलून गेला खरा, आणि वाटभर त्या शब्दाखाली दबत चालला.

पौड मागं पडलं, धरणाचं पाणी मागं पडलं. तोवर चैत्राचं ऊन डोकं भाजत होतं. घाटमाथ्याची चढण चढून शिवेच्या दगडाशी आले, सगळ्यांनी पायताणं काढून काठीला अडकवली, आणि रानात पहिलं पाऊल टाकलं तसा अंगाला गारवा झोंबला. आपल्याकडचं रान चैत्रात बोडकं होतं. हे रान काळंभोर. वर पानांचं छप्पर इतकं दाट की ऊन खाली येताना कुठंतरी हरवून जाई. माणसाच्या मांडीएवढे गारंबीचे वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेले, खोडांवर ओलं शेवाळ, आणि अंजनीच्या फांद्यांना निळ्या फुलांचे गुच्छ चिकटलेले. उंचावर एक शेकरू या शेंड्यावरून त्या शेंड्यावर गेलं आणि वरून त्यांच्याकडं बघत बसलं.

“नवरदेव,” सयाजी हळूच म्हणाला, “हळद लागायच्या आधी पाठ मोडून घेऊ नका हो. भोसरीची पोरगी आमाला शिव्या घालंल.”

एरवी ज्योतीरामनं त्याला सोडला नसता. आज नुसता हसला. त्या रानात मोठ्यानं बोलवतच नाही.

रानाच्या पोटात, झाडं जरा विरळ झाली तिथं, एक वाडी होती. कारवीच्या कुडाची, शेणानं लिंपलेली घरं आणि समोर काळा कातळ. कातळावर कोवळा हिरडा वाळत घातलेला. लाकूड तोडायच्या आदल्या दिवशी मुक्काम तिथंच करायची रीत होती. वाडीच्या लोकांनी नाचणीची आंबील दिली, झऱ्याचं पाणी दिलं. उद्धवराव आणि बाकीचे कुऱ्हाडींना धार लावत बसले, आणि ज्योतीराम वाडी बघत हिंडला. बघता बघता त्याच्या ध्यानात यायला लागलं, की इथं काहीतरी आपल्यासारखं नाही.

एक तर कुणी कुणाला नावानं हाक मारत नव्हतं. आईनं पोराला बोलावलं तरी नुसतं ‘कू’ करून. दुसरं, माणसं एकामागं एक चालत, आणि पुढचा मागच्याशी बोलताना मान वळवत नसे, समोर बघूनच बोले. आणि तिसरं म्हणजे त्या हिरडेवाल्या बाया. खालच्या दरीतून हिरड्यानं भरलेल्या पाट्या डोक्यावर घेऊन त्या चढण चढत होत्या. ती चढण मोकळ्या माणसाला धाप लावणारी. पण अर्ध्यावर आल्या की त्या पाटीचा हात सोडून देत. मान ताठ, श्वास संथ, आणि अंगणात झाडू मारावा इतक्या सहज वर येत.

ज्योतीराम कातळाच्या कडेला बसून बघत राहिला. शेवटची बाई त्याच्यासमोरून गेली. तिच्या डोक्यावर चुंबळ होती आणि चुंबळीवर पाटी. पण चुंबळ आणि पाटी यांच्यामध्ये बोटभर फट होती. फटीतून पलीकडचं झाड दिसत होतं.

बाई कातळावर पोचली, तशी पाटी अलगद चुंबळीवर टेकली, आणि वजनानं बाईची मान किंचित दबली. तिनं मागं न बघताच हात जोडले आणि हिरडा ओतायला लागली.

तो धडपडत उठला आणि अंबूबाईकडं गेला. अंबूबाई ही त्या रानाची राखणदारीण, दात पडलेली, पण डोळ्यांनी घारीसारखी. झाड कुठलं तोडायचं हे तीच दाखवायची.

“आजी, त्या बायांच्या मागं कोण चालतं?”

अंबूबाईनं हिरडा निवडणं थांबवलं नाही. “तुला दिसलं व्हय?”

“दिसलं कुणी न्हाई. पाटी दिसली.”

“तेवढंच दिसतंय.” ती म्हणाली. “गेल्या सालापासनं हाय. बोलत न्हाई, खात न्हाई. वझं दिसलं की हात लावतो. चांगला हाय बिचारा. आमी वळून बघत न्हाई. बघितलं की जातो, मंग चार-चार दिस येत न्हाई.”

ज्योतीराम तिच्यापुढं बसला. त्याचा दादा तसाच होता. वाटेनं जाताना कुणाचं जू अडलेलं दिसलं तरी स्वतःचा गाडा सोडून हात लावायला जाणार, आणि घरी वहिनीच्या शिव्या खाणार.

“माझा भाऊ हाय त्यो, आजी. घरी न्यायचाय मला. तिकडं त्याच्या बायकूच्या बांगड्या फोडायला बसल्यात.”

आता म्हातारीनं मान वर केली. तिच्या नजरेत कीव होती. तीच त्याला नको होती.

“रानाचं लाकूड तुमी न्हेता,” ती म्हणाली, “मंग कवातरी रान बी एक खांदा ठिवून घेतं. कुणाचा, ते त्याच्या मर्जीवर. त्यो यील की. लाकडाखाली जागा असंल तर शीव वलांडून बी जाईल. पर तुमच्या घराला जागा किती?”

“एक.”

“अन् तितं कोन हाय?”

ज्योतीरामनं आपल्याच खांद्याला हात लावला. तिथं तोच होता.

“दुसऱ्या कुनाच्या जागंवर त्यो बसायचा न्हाई,” अंबूबाई म्हणाली. “अन् तुमच्या रीतीत एका घराचं दोन खांदं बसायचं न्हाईत. आता तुजं तू बघ, बाबा.”

पोराला भीती वाटली. वाटणारच. परमनंट नोकरी, ठरलेलं लग्न, चोवीस-पंचवीसचं वय. कोण कुठली दात पडलेली म्हातारी, तिच्या बोलण्यावर जीव टाकायचा काय? त्यानं मनाशी ठरवलं, की हे सगळं रानातल्या लोकांचं खूळ आहे. लाकूड शिवेपार घातलं की आपण माघारी येऊ, पुनवेपर्यंत दऱ्या पुन्हा धुंडाळू, हाडकं सापडली तर नेऊ. असं ठरवल्यावर त्याला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

सकाळी धुकं उठायच्या आत अंबूबाईनं झाडाला हात लावून क्षमा मागितली, उद्धवरावांनी पहिला घाव घातला, आणि ऊन वर येईस्तोवर लाकूड तासून तयार झालं. “चांगभलं!” म्हणून सगळ्यांनी ते एका दमात उचललं. ज्योतीराम शेपटाला. त्याच्या मागं लाकडाचं हातभर टोक आणि त्यामागं रान.

लाकूड ओलं होतं, मणामणानं जड. चढणीला लागले तसे सगळ्यांचे श्वास फुटायला लागले. ज्योतीरामच्या मानेची शीर तटतटली. डोळ्यांपुढं घाम. आणि मग, अंजनीची दाटी लागली तिथं, लाकूड हलकं झालं.

एकदम नाही. कुणी खालून हळूच खांदा सरकवावा तसं. मागं वाळक्या पानांवर पाऊल वाजलं. त्याचं पाऊल पडलं की मागं पाऊल पडे, तो थांबला की थांबे. मान वळवावी असं सगळं अंग ओरडत होतं, आणि मान त्यानं दगडासारखी धरून ठेवली.

“दादा?” तो पुटपुटला.

उत्तरादाखल लाकूड आणखी हलकं झालं.

मग तो बोलत सुटला. समोर बघत, ओठातल्या ओठात. म्हशीला रेडकू झालं दादा. विहिरीचं पाणी यंदा टिकलंय. माझं लग्न ठरलंय, भोसरीची हाय, तू बघितली असतीस तर नाक मुरडलं असतंस. वहिनी अजून तुझ्या ताटात वाढती, आणि जेवण झालं की ते ताट उचलून म्हशीपुढं ठेवती. भावकीनं असं असं ठरवलंय. माझ्या जागी तू आलास रं दादा, माझ्या जागी आलास, आणि मी तिकडं बाटल्या धूत बसलो होतो. बोलता बोलता त्याला रडू कोसळलं. मागची पावलं शांतपणे येत राहिली.

झाडं विरळ झाली. पुढं उजेड दिसायला लागला, आणि उजेडात शिवेचा दगड. तसं लाकूड जड व्हायला लागलं. दर पावलाला थोडं थोडं. मागचं पाऊल रेंगाळत होतं. येत होतं, पण पेठेतून परतणाऱ्या आईबरोबर लेकरू मागं रेंगाळावं तसं.

उद्धवराव दगडापाशी पोचले. त्यांच्यामागचा पोचला. ज्योतीरामच्या खांद्यावर आता सगळं वजन आलं होतं आणि मागं काही वाजत नव्हतं. दादा उभा राहिला होता. अजून थोडी वाट चालली, की पुन्हा वर्ष. आणि घरी दारात वहिनी.

इथं तो काही विचार करत बसला असं मी म्हणणार नाही. विचार करायला लागला असता तर शीव ओलांडून गेला असता, आणि तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. त्यानं फक्त गुडघा वाकवला, मान खाली घेतली आणि खांदा काढून बाजूला झाला.

लाकूड झुकलं नाही.

त्याच्या अंगाला घासून गार वारा पुढं गेला. आणि शेपटाखाली एक पाठ दिसायला लागली. आधी धुरकट, मग मळका सदरा, मग घामानं चिकटलेली मान. सख्ख्या भावाची पाठ ओळखायला खूण लागत नाही. हिंदुराव लाकूड घेऊन चालला होता.

हाक ज्योतीरामच्या ओठांवर आली होती. ‘दादा’ एवढा शब्द उच्चारला असता तर हिंदुराव वळला असता. वळला असता तर राहिला असता. ज्योतीरामनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

“काय नवरदेव, दमला का?” पुढून सयाजी समोर बघतच म्हणाला.

“चल मुकाट्यानं,” शेपटाचा माणूस म्हणाला.

सयाजीचं पाऊल अडखळलं. आवाज त्यानं ओळखला. पण रीत ती रीत; त्यानं मागं बघितलं नाही, तसाच दगडापलीकडं गेला. त्याच्यामागं हिंदुराव उन्हात गेला.

पलीकडं लाकूड दुबेळक्यांच्या टेकूंवर ठेवलं आणि सगळे वळले. मग जो गलका झाला! कुणी हिंदुरावला मिठी मारली, कुणी त्याचे पाय चाचपले, एक जण तर भिऊन पळालाच. हिंदुराव सगळ्यांकडं बघत उभा.

“येडं लागलं का रं तुमाला?” तो म्हणाला. “सकाळी तर संगं आलो.”

सयाजी तोवर दगडाशी धावत आला होता. “ज्योत्या! ए ज्योत्या!” करून रानात हाका मारत होता. ज्योतीराम त्याच्यापुढं उभा होता. हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. “ओ,” तो म्हणाला. मग ओरडून म्हणाला, “सयाजी, हितं हाय मी!” सयाजीची नजर त्याच्यातून आरपार झाडांवर फिरत राहिली.

हिंदुराव मागून आला आणि त्यानं सयाजीच्या पाठीत धपका घातला. “खुळ्या, ज्योत्या हितं कसा असंल? पिंपरीला हाय त्यो. रजा मिळाली न्हाई म्हून तर मी आलो.”

सयाजी तोंडात पदर कोंबलेल्या बाईसारखा हुंदके देत खाली बसला. उद्धवराव दगडापर्यंत आले. म्हाताऱ्यानं डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला आणि रानाकडं बघत हात जोडले. त्याला कळलं होतं. “पोरा,” एवढंच म्हणाला. मग माघारी फिरून त्यानं सगळ्यांना लाकडाखाली लावलं.

ज्योतीरामनं शिवेपलीकडं पाऊल टाकायचा प्रयत्न केला. पाऊल उचललं, आणि होतं तिथंच पडलं. भोसरीची मुलगी आठवली. तो लहान पोरासारखा रडला. रडता रडता त्यानं बघितलं, की हिंदुराव अजून रेंगाळतोय, रानाकडं बघतोय, काहीतरी विसरल्यासारखं.

“दादा, घरी जा!” तो जीव खाऊन ओरडला. “वहिनी दारात उभी हाय!”

ऐकू गेलं की नाही देव जाणे. पण हिंदुराव वळला, शेपटाखाली खांदा घातला आणि भराभरा चालायला लागला.